एक्क्यांची जोडी, मामेभावाच्या सत्त्या आणि चारशे चिंचोके: प्रकल्प नोंदी

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

सांगलीहून दुपारी परतलो. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून ठेवतोय.

काल भाऊबीज. रात्री जेवणं उरकल्यावर मामाच्या माडीवर सतरंजी पडली आणि पत्ते निघाले. पूर्वी तीन पत्ती असायची, गेली काही वर्षं मामेभावाच्या नादाने नो-लिमिट होल्डेम चालतो (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच, लावायला मर्यादा नाही). पैसे लावत नाही. मामीने डबाभर चिंचोके साठवलेत, ते वाटून घ्यायचे. पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे ते ब्लाइंड: छोटा एक चिंचोका, मोठा दोन.

साडेअकराच्या सुमारास माझ्या हातात इस्पिक आणि बदाम एक्का. माझ्यासमोर आणि मामेभावासमोर चारशे-चारशे चिंचोके होते. मी वाढवून (रेज) सहा केले. पत्ते वाटायच्या जागेवरून मामेभावाने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले, बाकीच्यांनी पत्ते टाकले. फ्लॉप, म्हणजे मध्ये उघडलेली पहिली तीन पानं: किलवर राणी, बदाम सत्ती, चौकट दुर्री. मी दहा लावले, त्याने भरले. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिक तिर्री. मी चोवीस लावले, त्याने बहात्तर केले. मी दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे ढकलला, ऑल-इन. त्याने सत्त्यांची जोडी उलटी करून दाखवली. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पाचवं पान, चौकट नव्वी. त्याच्या तीन सत्त्या, माझी नुसती एक जोडी, सगळं गेलं.

“दादा, तुला एक्के टाकताच येत नाहीत.”

मी म्हणालो, नशीब तुझं. तो म्हणाला, नशीब फ्लॉपपर्यंत, पुढचं तुझं कर्तृत्व. आवाज चढले. मामा सुपारी कातरता कातरता म्हणाले, “आरं, भांडतासा कशाला? हिशोब करून बघा की.” पैज लागली: चुकेल त्याने दोन किलो भडंग आणायचे.

म्हणून हा प्रकल्प. प्रश्न एकच: मोठी जोडी हातात असताना समोरचा छोटी जोडी किंवा एकाच रंगाची सलग पानं घेऊन फ्लॉप बघायला आला, तर मला किती चिंचोके गमावणं परवडतं?

मामेभाऊ पूर्वी एका अ‍ॅपवर खेळायचा. ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला, पैशांचा खेळ बंद झाला आणि त्याच्या जुन्या हातांच्या नोंदीही त्याला परत मिळाल्या नाहीत. त्यामुळे आकडे खऱ्या हातांवरून काढता येणार नाहीत, स्वतःच पत्ते पिसावे लागणार.

२६ ऑक्टोबर, रविवार

पायथनमध्ये सुरुवात. बावन्न पानं म्हणजे ० ते ५१ आकडे. सात पानांतून पाचाचे २१ संच पडतात, त्यातला सगळ्यात भारी निवडायचा. पद्धत धिमी आहे, पण समजायला सोपी.

हात ओळखणारं फंक्शन बरोबर आहे का हे तपासायला पाच पानांचे सगळे म्हणजे २५,९८,९६० हात त्यातून काढले. जोड्या, दोन जोड्या, तिया, फुल हाउस (तिया आणि एक जोडी), सगळं बरोबर. सीक्वेन्स मात्र ९,१८० आले. यायला हवे १०,२००. बरोबर १,०२० कमी! शिवाय फ्लशमध्ये (पाचही पानं एकाच रंगाची) चार जास्त.

चहा पिताना उलगडलं. सीक्वेन्स ओळखायला मी ‘सर्वांत मोठं पान वजा सर्वांत लहान पान बरोबर चार’ असं लिहिलं होतं. एक्का मी चौदावर ठेवलाय, म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सीक्वेन्स संगणकाला दिसतच नव्हता. तीन पत्तीत लहानपणापासून ए-दोन-तीनवर हात मारत आलोय आणि नेमका तोच विसरलो. मामाला हे सांगणार नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसनंतर दोन तास. आधी सोपं काम: फ्लॉपआधीच सगळे ऑल-इन गेले तर काय होतं.

दोन हात ठरले की पाच पानं पडायचे १७,१२,३०४ प्रकार असतात. माझ्या फंक्शनला तेवढे तपासायला रात्र जाईल. म्हणून एक लाख वेळा पत्ते पिसले. चूक पाव टक्क्याच्या आत राहते, आपल्याला पुरे.

एक्के विरुद्ध सत्त्या: एक्के ८० टक्के. एक्के विरुद्ध राजे: ८२ च्या आसपास. एक्के विरुद्ध एकाच रंगाची सत्ती-छक्की: ७७. म्हणजे फ्लॉपआधी सगळे चिंचोके मध्ये आले, तर एक्क्यांना सत्ती-छक्कीचा धोका राजांपेक्षा जास्त. हे वाचलं होतं, पण आपल्या यंत्रातून निघालेलं बघायला बरं वाटलं.

मग सत्त्यांना फ्लॉपवर तिसरी सत्ती किती वेळा लागते ते काढलं. सगळीकडे ११.८ टक्के सांगतात. माझ्याकडे १२.२ आले. एक्के-दुर्रीच्या प्रकरणानंतर माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, तासभर चूक शोधली. चूक नव्हतीच. ११.८ हा आकडा फक्त आपली दोन पानं माहीत असताना, उरलेल्या पन्नासांतून निघतो. मी समोरच्याच्या हातात एक्के धरलेत. ती दोन पानं गठ्ठ्यातून गेली, त्यातली एकही सत्ती नाही, म्हणून उरलेल्या ४८ मध्ये सत्त्या थोड्या दाट. १७,२९६ फ्लॉपांपैकी २,११६ मध्ये सत्ती. १२.२ बरोबर आहे.

म्हणजे आठांत सात वेळा मामेभाऊ फ्लॉपवर पत्ते टाकणार, आणि मला ते लक्षातही राहणार नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार

यंत्राची परीक्षा घ्यायला खऱ्या टेबलावरचा हात हवा होता. २०१७ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमधला व्हेनेसा सेल्बस्ट आणि गॅएल बोमान या दोन पोकर खेळाडूंचा हात घेतला. पहिल्या दिवशी, पहिल्याच तासात. सुरुवातीच्या चिपा ५०,०००, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या तीनशेपटीहून जास्त. सेल्बस्टकडे एक्के, बोमानकडे सत्त्या. फ्लॉपवर एक्का, सत्ती, पंजी. दोघींचे सेट, म्हणजे हातातली जोडी धरून तीन सारखी! टर्नला शेवटची सत्ती, बोमानच्या चार झाल्या. सेल्बस्ट एक्क्यांचं फुल हाउस घेऊन स्पर्धेबाहेर.

यंत्र सांगतं ते असं. फ्लॉपवर बोमानला गठ्ठ्यात एकच पान उरलं होतं, टर्न-रिव्हर मिळून ते पडायची शक्यता ४५ मध्ये २. ते पडल्यावर सेल्बस्टला वाचवणारंही एकच पान, चौथा एक्का, ४४ मध्ये १. दोन्ही आकडे बोटांवरच्या हिशोबाशी जुळले.

हा हात घेताना हेतू फक्त चाचणीचा होता. पण ‘तीनशेपट’ हा शब्द लिहिताना थबकलो. ब्लाइंडच्या मानाने समोरचा ढीग तेवढा खोल नसता, तर तिथे विचार करण्यासारखं काही उरलंच नसतं. आमच्या सतरंजीवर ढिगाची ही खोली दोनशेची होती. याच्याकडे मी आतापर्यंत बघितलंच नव्हतं. (तिच्याकडे फुल हाउस होतं, माझ्याकडे नुसती एक जोडी. त्यामुळे तिच्या नावाआड लपायची सोय नाही.)

८ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून सगळे आकडे मोठ्या ब्लाइंडमध्ये. चिंचोक्यांत दोनाने गुणायचं.

पहिलं मॉडेल मुद्दाम मूर्ख ठेवलं. सत्तीवाला फ्लॉपवर लागलं नाही तर टाकतो. लागलं तर एक्केवाला शेवटचा चिंचोका जाईपर्यंत थांबत नाही. म्हणजे भाऊबीजेच्या रात्रीचा मी. सेट लागल्यावर एक्क्यांना वाचायला दोनच पानं, नऊ टक्क्यांच्या आसपास, तेही धरलं. फ्लॉपवर सत्तीसोबत एक्काही पडण्याचा प्रकार दुर्मीळ म्हणून सोडून दिला.

शंभर ब्लाइंडचा स्टॅक (समोरचा ढीग), मी तीनला रेज केलं. सत्तीवाल्याला आठांत सात वेळा तीन ब्लाइंडचा तोटा, उरलेल्या वेळी सरासरी ८३ चा फायदा. वजाबाकी करून दर कॉलमागे त्याला साडेसात ब्लाइंड मिळतात. माझ्याकडे टेबलावरचा सर्वांत भारी हात, आणि फायद्यात तो!

मग उलटं विचारलं: मी असाच हट्टी राहणार असेन, तर रेज केवढं केलं म्हणजे त्याचा कॉल तोट्यात जाईल? चाळीसच्या स्टॅकला पावणेपाच ब्लाइंड पुरतात. शंभरला साडेअकराच्या वर लागतात. दोनशेला तेवीस.

तेवीस! आणि मी केलं होतं तीन.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मामेभावाचा फोन. “काय दादा, भडंग कच्चे आणणार की फोडणीचे?” त्याला साडेसातचा आकडा सांगितला नाही.

दुसरं मॉडेल. हट्ट सोडला तर? रेज तीनचंच ठेवलं, आणि सेट लागल्यावर सत्तीवाल्याने सरासरी किती कमावले तर त्याचा हिशोब बरोबरीत सुटतो ते बघितलं. साडेएकवीस ब्लाइंड. त्यात माझे फ्लॉपआधीचे तीन आणि ब्लाइंडचे दीड आलेच. म्हणजे फ्लॉपनंतर माझ्याकडून त्याला सतरा मिळायला हवेत.

आता माझ्याच बेट, म्हणजे मी जे लावलं ते, बघा. पॉट (मध्ये जमलेला ढीग) साडेसात. फ्लॉपला पाच, टर्नला बारा. बेरीज सतरा.

वही मिटून थोडा वेळ गच्चीत फिरून आलो. म्हणजे टर्नला बारा लावून मी थांबलो असतो, तर त्याला सत्त्या घेऊन येण्यात काही मिळालं नसतं, गेलंही नसतं. बाकीचे जे १८० ब्लाइंड गेले, ते एक्क्यांपायी गेले असं म्हणता येत नाही. ते टर्नच्या रेजनंतरच्या दहा सेकंदांत गेले.

पण मामेभाऊ म्हणतो तसं ‘रेज आलं की टाक’ हाही नियम मला पटत नाही. सत्तीवाला काही कायम सत्त्याच घेऊन येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळा दिवस यावरच. बायको म्हणाली, दोन किलो भडंगाला एवढा अभ्यास केलास, तेवढा गॅसची पाइपलाइन आणण्यावर केला असतास तर. मुद्दा बरोबर आहे.

आज हातांची मोजदाद. राणी-सत्ती-दुर्रीच्या फ्लॉपवर माझ्या दोन बेट भरून कोण कोण टर्नपर्यंत येतं? सेट: सत्त्या तीन प्रकारे (बोर्डवर एक गेली, उरलेल्या तिघींच्या तीन जोड्या), दुर्र्या तीन प्रकारे. राण्यांची जोडी असती तर त्याने फ्लॉपआधीच पुन्हा रेज केलं असतं, ती सोडली. एकूण सहा.

आता माझ्याकडून हरणारे हात. राजा-राणी: चार राजे गुणिले तीन राण्या, बारा. एक्का-राणी: इथे गंमत आहे. दोन एक्के माझ्याच हातात, म्हणून उरलेले दोन गुणिले तीन, फक्त सहा. एक्के हातात असण्याचा हा छुपा तोटा. ज्या हाताकडून सर्वांत जास्त कमाई व्हायची, तोच हात मी अर्धा करून बसलोय.

तरीही सहा सेटसमोर अठरा असे हात, ज्यांच्या मालकांना वाटतं की आपली राणी जिंकतेय. बेट भरणाऱ्यांत मी दणदणीत पुढे. म्हणून फ्लॉपला आणि टर्नला बेट लावणं बरोबरच होतं, त्यावर मी अडून बसणार आहे.

टर्नचं रेज वेगळं. माझ्या बारावर त्याने छत्तीस केले. मला आणखी चोवीस भरायचे, मध्ये साडेपासष्ट पडलेले. सत्तावीस टक्के वेळा जिंकलो तर बरोबरी. त्या अठरांपैकी किती हातांनी त्याने इथे रेज करायला हवं? सव्वादोन. फक्त सव्वादोन! अठरांतले तीन जरी तो राणीच्या जोरावर वाढवत असेल, तरी भरणं बरोबर.

अनोळखी माणसासमोर मी हे चोवीस भरेन. मामेभावाला मी तो फ्रॉक घालायचा तेव्हापासून ओळखतो. तो एका जोडीवर टर्नला वाढवत नाही. आयुष्यात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कालचं एक राहिलं. चोवीस भरले तरी खेळ संपत नाही, रिव्हर उरतो.

शंभरचा स्टॅक असता, तर ते भरल्यावर दोघांकडे ५६ उरले असते आणि पॉट साडेएकोणनव्वद. पॉटपेक्षा मागे कमीच. तिथे एक्के टाकणं अवघड, आणि टाकले नाहीत म्हणून कुणी नावं ठेवू नयेत. दोनशेच्या स्टॅकला १५६ उरतात. पॉटच्या पावणेदोनपट. म्हणजे टर्नला प्रश्न चोवीसचा दिसतो, पण खरी धमकी १५६ ची असते. पान तेच, बेट तेवढीच, रेज तेवढंच. फक्त सतरंजीवरचे ढीग दुप्पट.

याला खेळणारे एसपीआर म्हणतात: फ्लॉप पडताना मागे उरलेला स्टॅक भागिले पॉट. आमच्या हातात तो २६ होता. शंभरच्या स्टॅकला तीनचं रेज, तर १३. फ्लॉपआधी कुणी दहापर्यंत पुन्हा रेज केलं आणि एकाने भरलं, तर ४ च्या जरा वर. चारला एका जोडीवर सगळं लावता येतं. सव्वीसला एका जोडीवर सगळं लावणं म्हणजे मी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सत्ती-छक्की, एकाच रंगाची. हे प्रकरण सेटपेक्षा किचकट निघालं, सगळं संपवणार नाही.

फ्लॉपवर थेट काही मोठं लागायचं प्रमाण कमी. फ्लश शंभरात एकदाही नाही, दोन्ही पानांच्या दोन जोड्या पन्नासांत एकदा. त्यातही दोन जोड्या सेटइतक्या पक्क्या नाहीत. सत्ती-छक्की-दुर्रीवर दुसरी दुर्री पडली की त्याच्या दोन जोड्यांपेक्षा माझे एक्के-दुर्र्या भारी. नुसत्या एक्क्यांना तिथे चौथाई संधी उरते. सेटसमोर नऊ टक्के होती.

यांचं खरं बळ अर्धवट फ्लशमध्ये (एका रंगाची चार पानं, पाचव्याची वाट). नऊपैकी एका फ्लॉपला तसं होतं. माझ्याकडे त्या रंगाचा एक्का नसेल, तर टर्नला रंग पडायची शक्यता ४५ मध्ये ९, बरोबर वीस टक्के. मी पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बेट लावली, तर तो ना नफा ना तोटा अशा हिशोबात पुढचं पान बघतो. म्हणजे मी फुकट दाखवल्यासारखंच. साडेसातमध्ये पाच लावले, तर त्याला दर वेळी दीड ब्लाइंडचा तोटा. तो भरून काढायला रंग पडल्यावर माझ्याकडून सरासरी साडेसात ब्लाइंड आणखी काढावे लागतात. साडेसतराच्या पॉटमध्ये साडेसात ही अर्धी बेटसुद्धा नाही. तिसरा बदाम पडलेला दिसत असताना ‘बघू तरी काय आहे’ म्हणून मी आजवर किती वेळा भरलंय, ते मोजायची हिंमत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

झोपताना आठवलं: मामाच्या माडीवर फ्लॉप बघायला एकटा मामेभाऊ कधीच नसतो. भाऊबीजेचा तो हात अपवाद. एरवी मामा, मामी, धाकटी मावशी सगळे येतात. “आलोय तर बघू की तीन पानं.”

उठून चालवलं. एक्क्यांसमोर दोन वेगवेगळ्या छोट्या जोड्या असतील, तर फ्लॉपवर निदान एकीचा सेट लागायची शक्यता २४ टक्के. तीन जोड्या असतील, तर ३६. आणि मला मात्र कुणाला लागला ते कळत नाही. अनोळखी पानांच्या नऊ जणांसमोर शेवटपर्यंत बसलं, तर एक्के जेमतेम ३१ टक्के वेळा जिंकतात.

म्हणजे त्या माडीवर तीनचं रेज हे रेज नव्हतंच, ते आमंत्रण होतं. सात-आठ करायला हवं. मामी म्हणेल, काय रे हा हावरटपणा. म्हणू दे.

३० नोव्हेंबर, रविवार

मामेभाऊ कामासाठी पुण्यात आला होता, काल रात्री आमच्याकडेच मुक्काम. सगळे आकडे त्याला दाखवले. साडेसातचाही. त्याने शांतपणे वाचलं, सव्वादोनपाशी थांबला.

“मी टर्नला एका जोडीवर वाढवत नाही हे तू इथे लिहून ठेवलंयस?”

“हो.”

“मग आता वाढवायला लागेन.”

भडंगाचा निकाल लागला नाही. त्याचं म्हणणं, त्या रात्री त्या माणसासमोर एक्के टाकायला हवे होते, आणि ते मी स्वतःच सिद्ध केलंय. माझं म्हणणं, त्याचा नियम सगळीकडे लावला तर अठरा हातांची कमाई सहांच्या भीतीने सोडावी लागते. बायकोने चिवडा पुढे केला.

मग तिला आणि शेजारच्या काकांना घेऊन साठेक हात खेळलो. शंभर ब्लाइंडचे स्टॅक, चिंचोके नव्हते म्हणून शाबुदाणे, मोठे. एक्के कुणालाच आले नाहीत. २२१ हातांत एकदा येतात, तक्रार नाही. अकराच्या सुमारास मला राजांची जोडी आली. तीन नाही, आठ ब्लाइंड केले. काकांनी टाकले, बायकोने टाकले. मामेभावाने पानं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पंज्यांची जोडी उलटी करून सतरंजीवर ठेवली.

“साडेअकरापर्यंत परवडलं असतं,” तो म्हणाला, “पण तू आता सगळे देत नाहीस ना.”

दीड ब्लाइंड मिळाले. तीन शाबुदाणे.